कौलात पडलेला शब्द

गौरवीच्या तोंडात ते उद्गार बसले तेरेखोलच्या हॉटेलात. रिसेप्शनवर दिवसभर हसून ‘शुअर सर’ म्हणायचं आणि पाहुण्याची पाठ वळली की दातांतल्या दातांत, "ओह प्लीज! डॅम इट! कमॉन!" पेडण्याला घरी आली तरी ते थांबेनात. आई सुमंगला म्हणायची, "गो, मराठीत गाळी घाल. निदान माका समजतली तरी!"

मग तिला परदेशी बोटीवर नोकरी लागली. वडील कृष्णनाथ एवढंच बोलले, "देवान कौल दिलो तर जा. नाय तर विषय बंद."

देवळात रामचंद्र गुरवाने मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तोवर गुरव आणि कौल मागणारे कृष्णनाथ सोडून कोणी ब्र काढायचा नाही. मध्ये शब्द पडला की कौल मोडला.

उजवी पाकळी हलली. गौरवी पुढे झुकली.

"देवा," कृष्णनाथांनी पुन्हा हात जोडले, "तिका बोटीर बरी माणसां मेळोंदी..."

पाकळी थांबली.

"...आणि वर्सान परत येवन तिणा लग्नाक..."

"ओह, कमॉन!"

देवळात ते केवढ्यांदा घुमलं! आणि त्याच क्षणी उजवी पाकळी पडली.

गुरवाने पाकळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "शब्द पडलो गो."

"परत लावा," मागून कोणीतरी म्हणालं. गौरवी पडलेल्या पाकळीकडे बघत राहिली. या वेळी डावी पडली तर?

"थांबा. आधी सांग, कोणाक म्हणालंस?" गुरवाने विचारलं. "देवाक?"

सुमंगलाने कोपर मारलं. "डासाक म्हण," ती पुटपुटली.

गौरवीने ओठ ओले केले. मूर्तीसमोर खोटं येईना.

"बाबांक."

कृष्णनाथांचा चेहरा पडला. साठीच्या माणसाला, भर देवळात, पोटच्या मुलीने! आता ते ‘चल घरी’ म्हणणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

"बाबा, मी..."

"तू गप." ते गुरवाकडे वळले. "शब्द देवाक नव्हतो मां?"

"नाय."

"माका होतो. तो माझो मी बघतलंय. तू कौल धर."

गुरवाने उजवी पाकळी उचलून गौरवीच्या ओंजळीत ठेवली. कृष्णनाथ तिच्याकडे न बघता बाहेर गेले आणि चपला शोधू लागले.