मशीन कोणत्या गावी आहे

मी आज जो काही आहे, त्यात सगळ्यात मोठा वाटा आर्णीच्या मोटारवाल्या चाचांचा आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. कॉलेजचा फॉर्म मी चाचांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून भरला आणि त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून यवतमाळला नेऊन दिला. हे ऋण मान्य करून हेही सांगतो, की टाळाटाळीचा एवढा तिटकारा असलेला आणि लोकांना एवढं थांबवून ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणं हा त्यांचा धंदा. पण मोटार ठेवून निघून जाणारं गिऱ्हाईक त्यांना चालत नसे. ज्याची मोटार, त्यानं ती उघडेपर्यंत समोर बसायचं. "पेशंट दवाखान्यात टाकून बजारात जाते का कोनी?" असं ते विचारत. मग चौकशी सुरू होई. मोटार बंद पडली तेव्हा लाईट होती का, आवाज कसा आला, जवळ कोण होतं. महागावकडचे एक गृहस्थ "मोटार आपोआप जळाली" या एकाच वाक्यावर अडून बसले होते. चाचांनी तासभर उलटतपासणी घेतली, तेव्हा निघालं की त्यांच्या साळ्यानं स्टार्टर उघडून तारा उलट्यापालट्या जोडल्या होत्या. "मोटार खोटं नाई बोलत, साळा बोलते," असं म्हणून चाचांनी मोटार भरायला घेतली आणि साळ्याला भेटायला येण्याचा निरोप धाडला. तो साळा पुढं वर्षभर आर्णीच्या बाजारात दिसला नाही.

बिघाड ऐकायला ते लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक मशीनवर टेकवत आणि मूठ कानाला लावत. पंखे, मिक्सर, शेजारच्या शिंप्याची शिलाई मशीन, सगळं त्यांनी असं ऐकलं होतं. बारावीच्या परीक्षेला जाताना माझे हातपाय गार पडले, तेव्हा त्यांनी पेचकस माझ्या छातीला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बेरिंग चांगली हाय. जा." मी गेलो आणि पास झालो. समजलं नाही तर ते सरळ "मले समजलं नाई" म्हणत. पण "होऊन जाईल" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

अशा माणसानं माझ्या वेबसाईटसाठी आपला शब्द टाकला, हेच आश्चर्य.

ती बोंडअळीची वर्षं होती. बोंडं आतून पोखरलेली, आणि जो कापूस हाती येई तो पिवळा पडायच्या आत विकायची सगळ्यांना घाई. खरेदी केंद्र आमच्या भागासाठी तीनच दिवस उघडणार होतं. आदल्या वर्षी गेटवर नंबरावरून हाणामारी झाली, तेव्हा कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर साहेबांनी गेट लावून घेतलं आणि भरल्या ट्रॉल्या परत गेल्या. मी नुकताच कॉम्प्युटरची पदवी घेऊन आलो होतो. घरूनच मोबाईलवर नोंदणी करायची आणि खरेदीच्या सकाळी साईटवर आपला नंबर बघायचा, अशी वेबसाईट मी केंद्राला करून दिली. गावं मला ओळखत नव्हती. चाचा स्कूटर काढून गावोगाव फिरले. "पोरगं आपलं हाय. नंबर लावाले गेटवर झोपू नका. जबाबदारी माही," असं सांगत आले. त्या मुलखात प्रत्येक विहिरीत त्यांच्या हातची मोटार होती. लोकांनी नोंदणी केली.

पहिल्या सकाळी साईट उघडेना. पांढरं पान, मधे एक गोल फिरतोय. गेटबाहेर ट्रॉल्या लागत चालल्या होत्या. ज्या कंपनीच्या क्लाउडवर मी साईट ठेवली होती, तिच्या पानावर सगळीकडे हिरवे ठिपके होते, म्हणजे कुठंच काही बिघडलेलं नाही. चॅटवर एका बाईंनी तक्रारीचा क्रमांक दिला. दुसऱ्या साहेबांनी तो क्रमांक रद्द करून नवा दिला. तिसऱ्यानं विचारलं, "तुम्ही तुमचा मोबाईल बंद करून चालू केला का?" ग्रेडर साहेब गेटपाशी येऊन म्हणाले, "दोन वाजेपर्यंत नंबर लावा, नाही तर गेट बंद. मागच्यासारखं मला नको."

चाचा आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. "मशीन कोनत्या गावी हाय?"

"चाचा, ते क्लाउडवर असतं."

"ते असन. गाव कोनतं?"

"ठाऊक नाही."

"म्हंजे मशीन कुठं हाय हेच तुले ठाव नाई, अन् तिच्या भरवशावर तू एवढ्या ट्रॉल्या बोलावल्या." ते रागावले नव्हते. मला ते रागावलेले परवडले असते.

त्यांनी मला फोन लावायला लावला, स्पीकर चालू केला आणि फोन एका ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला. पलीकडून एक तरुण आवाज दिलगिरी व्यक्त करू लागला.

"बेटा," चाचा म्हणाले, "मशीन तुम्हारे सामने है क्या?"

"नहीं अंकल, मैं तो सपोर्ट में हूँ."

"तो जिसके सामने है उससे पूछ के आ. मैं बैठा हूँ."

फोनवर संगीत सुरू झालं. एकच सूर, पुन्हा पुन्हा. ट्रॅक्टरभोवती माणसं जमली.

"हे काय वाजून राह्यलं, चाचा?"

"कंपनीची आरती हाय," मागून कोणीतरी म्हणालं. "आपन टाळ्या वाजवा."

काही जण हसले, बरेच हसले नाहीत. केळापूरहून आलेला एक उंच शेतकरी चाचांकडे बघत नुसता उभा होता. अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला. मी माझ्या दुसऱ्या, जुन्या मोबाईलवर कंपनीची ई-मेलनं आलेली पत्रं चाळत होतो, आणि एका पत्रावर थांबून तो मोबाईल खिशात घातला.

संगीत थांबलं. "अंकल, असुविधा के लिए हमें बहुत खेद..."

"खेद बाद में. आज चालू होगा क्या? मालूम नहीं, तो मालूम नहीं बोल. गुस्सा नहीं करूँगा."

मग तो पोरगा हळू म्हणाला, "अंकल, हमें बोलना मना है. पर आप आज मत रुकिए."

"शाबास. खाना खाया क्या?"

"अभी नहीं."

"खा ले," असं म्हणून चाचांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले. "पेशंट आज उठत नाई. आता आपलं पाहू. नोंदणी झाल्यावर या लोकाइले काई मेसेज आलता का?"

आला होता. फक्त 'नोंदणी झाली' एवढाच. त्यात नंबर टाकावा हे मला सुचलं नव्हतं.

"मंग तो मेसेज कोनत्या तारखेले, किती वाजता आला, हे फोनमंदी दिसते का नाई?"

दिसत होतं. आम्ही दोघं ट्रॉलीमागून ट्रॉली फिरलो. मी मेसेजची वेळ वाचायचो, चाचा खडूनं ती ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर लिहायचे. ज्याची वेळ आधीची, त्याचा नंबर आधी. ज्यांनी मेसेज पुसून टाकले होते, त्यांची चौकशी दुकानातल्यासारखीच झाली. नोंदणी केली तेव्हा लाईट होती का, जवळ कोण होतं, त्याची नोंदणी आधी झाली का मागून. दोनला दहा मिनिटं कमी असताना पहिली ट्रॉली आत गेली. मारामारी झाली नाही. पण अर्धा दिवस वाया गेला होता, आणि तिसऱ्या संध्याकाळी गेट लागलं तेव्हा पाच ट्रॉल्या बाहेर राहिल्या. त्यांत केळापूरच्या त्या उंच शेतकऱ्याची होती.

तो म्हणाला, "चाचा, तुमच्या शब्दावर आलतो मी."

"चूक माही हाय," चाचा म्हणाले. "मीच सांगतलं होतं तुले."

मी शेजारीच उभा होतो. खिशातला मोबाईल मी खिशातच राहू दिला.

त्यानंतर त्या पाच घरांच्या मोटारी दुसऱ्या दुकानात जाऊ लागल्या, मग त्यांच्या सोयऱ्यांच्याही. दुपारच्या वेळी चाचांच्या समोरच्या बाकावर कोणी नाही, असं मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. उलट मला पुण्याला नोकरी लागली तेव्हा बस स्टँडवर सोडायला तेच आले, आणि गाडीचं इंजिन ऐकून ड्रायव्हरला दोन सूचना देऊन गेले. पुण्यात पंधरा दिवस राहिल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं होतं:

"चाचांना सलाम.

मी बरा आहे. खोली मिळाली आहे. कंपनीचं उत्तर शेवटी आलं. तुमची तक्रार सोडवली आहे असं समजून आम्ही ती बंद करतो, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल, असं त्यांनी विचारलं आहे.

चाचा, एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. त्या दिवशी फोनवर संगीत वाजत होतं, तेव्हा मला कंपनीचं एक जुनं पत्र सापडलं. खरेदीच्या आदल्या दिवशी आम्ही मशीन हलवणार आहोत, तुमच्या माहितीची नक्कल काढून ठेवा, असं त्यात लिहिलं होतं. ते दोन आठवडे आधी आलं होतं. त्यांची जाहिरातीची पत्रं रोज येतात, म्हणून मी ते उघडलंच नव्हतं. मशीन हलवल्यावर उठलं नाही ही त्यांची चूक, आणि विचारल्यावर कोणी खरं सांगितलं नाही हीही त्यांचीच. पण नक्कल काढली असती तर सकाळी नऊला गेट उघडलं असतं आणि एकही ट्रॉली बाहेर राहिली नसती. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं. तुम्ही चूक आपल्या अंगावर घेतलीत तेव्हाही माहीत होतं, आणि पत्र माझ्या खिशात होतं. मी शिकलेला आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगत होता, म्हणून माझं तोंड उघडलं नाही.

त्या पाचही जणांना मी वेगळी पत्रं टाकली आहेत. पत्ते केंद्रातून घेतले. केळापूरला सुट्टीत मी स्वतः जाणार आहे.

हे पत्र तुम्ही एकटे वाचू नका. दुकानात जो कोणी बसला असेल, त्याला मोठ्यानं वाचायला लावा. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. आणि पाकिटावरही लिहिलं आहे, कोणी बसलेलं नसेल, तर कोणी येईपर्यंत उघडू नका.

तुमचा,
आर्णीचा पोरगा"