पाण्यापाशी खाकरणारा तांडेल

पाण्यात पाय घालायच्या आधी तो खाकरायचा. घसा साफ करण्यासाठी नव्हे. दुसऱ्याच्या ओटीवर चढताना आतल्या माणसांना कळावं म्हणून आपण खाकरतो ना, अगदी तसं. खाडीच्या तोंडाशी उभा राहायचा, एकदा खाकरायचा, क्षणभर थांबायचा आणि मग उतरायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थट्टेने विचारलं होतं, "काका, आत कोण राहतं?"

"ज्याचं घर हाय तो," म्हणाला आणि कमरेएवढ्या पाण्यात गेलासुद्धा.

आमच्या आगर गावात सगळे त्याला तांडेल म्हणत, म्हणजे बोटीचा म्होरक्या. उभा जन्म त्याने बोटीवर काढला होता. मी चिकूवाडीवाला, वाडीच्या टोकाला, खाडीला लागून, पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधलेल्या. त्याचं नि माझं जमायचं ते माझ्या बायकोमुळे. चिकू उतरवायच्या काठीला जाळी असते, ती फाटली की बायको तांडेलने आणून दिलेल्या निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवायची. हा दोरा त्याच्या जुन्या जाळ्यातला. त्या बदल्यात तो पाटीभर चिकू न्यायचा, आणि प्रत्येक वेळी "एवढे कशाला" म्हणत आणखी दोन उचलायचा.

त्याची दुसरी खोड तुम्ही पाहायला हवी होती. कुणी काहीही गाऱ्हाणं आणलं, तरी तो आधी विचारायचा, "भरती होती का ओहोटी?" कोंबडी हरवली, भरती होती का ओहोटी? जावई रुसून गेला, भरती होती का ओहोटी? माझ्या मुलीचा जन्म झाल्याचं सांगायला पेढे घेऊन गेलो, तेव्हाही हेच. मला वेळ सांगता येत होती, भरती सांगता येईना. त्याने पेढा खाल्ला, पण माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

तो काही संतमहात्मा नव्हता, हे आत्ताच सांगतो. मुशीचं कालवण त्याचा जीव की प्राण. मुशी म्हणजे टीव्हीवाले ज्याला शार्क म्हणतात ती. मुशीच्या पंखांचे व्यापारी बंदरावर ठाण मांडून बसत, त्या दिवसांत त्याने बोट भरभरून मुशी आणल्या होत्या. "मी मारल्या तेवढ्या तुम्ही बघितल्यापण नाय," असं तो सांगायचा, आणि त्यात फुशारकी नसायची. आता आठ-आठ दिवसांत हातभर मुशीही जाळ्यात येत नाही, हे तोच खालच्या आवाजात सांगायचा.

तर एका दिवाळीच्या तोंडावर, संध्याकाळी, माझ्याकडे उतरलेल्या सुरतेच्या पाहुण्याला खाडीच्या तोंडाशी मुशीने पोटरीला धरलं. माणूस वाचला, पण टाके बरेच पडले. पाण्यातलं रक्त कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते जगभर झालं. दिवाळीच्या माझ्या चारही खोल्या दोन दिवसांत रिकाम्या झाल्या. मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. देवळात सभा बोलावली आणि म्हणालो की ही मुशी मारल्याशिवाय इथे कुणी अंघोळीला उतरणार नाही.

तांडेल खांबाला टेकून बसला होता. त्याने विचारलं, "भरती होती का ओहोटी?"

लोक हसले. मला मात्र राग आला. इथे माणसाचा पाय जायची वेळ आली आणि याला भरती सुचते, असं मी सगळ्यांसमोर बोललो. मुशी मारायला बोट मात्र त्याने दिली नाही. "पोटासाठी मारल्या. रागानं कधी मारली नाय," एवढंच म्हणाला.

चार बोटींनी खाडीच्या तोंडावर गळांचा दोर टाकला. पहिल्या दिवशी दोन चपटे पाकट मासे आले आणि एक कासव आलं, मेलेलं. दुसऱ्या दिवशी हातभर लांबीच्या तीन मुशी. एवढ्याशा तोंडात त्या माणसाची पोटरी मावली नसती, पण आम्ही त्याही वाळूत टाकल्या. तिसऱ्या दिवशी खरी मोठी आली, दोन पुरुष लांबीची. मी तिच्या पाठीवर पाय ठेवून फोटो काढून घेतला. तो फोटो मी पुढे पुसून टाकला, पण मला अजून दिसतो.

पोट फाडून बघायचं ठरलं, माणसाचं काही सापडतं का म्हणून. तेव्हा तांडेल पुढे आला. त्याने तिच्या पोटावर हात फिरवला, कोयता घेतलेल्या पोराला बाजूला केलं आणि स्वतःच्या सुरीने हळूच चीर दिली. आत पिल्लं होती. अकरा. वळवळत होती. त्याने डोक्याचा रुमाल सोडला, भिजवला, त्यात दोन-दोन, तीन-तीन पिल्लं घेऊन पाण्याकडे चालू लागला. प्रत्येक खेपेला काठावर थांबून खाकरला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. काही पिल्लं पोहत गेली, काही तिथेच उलटी झाली. त्यातली किती जगली, मला माहीत नाही.

मग परत येऊन त्याने मुशीच्या जठरात हात घातला. काहीतरी हिरवं बाहेर काढलं आणि झटकन कमरेला खोवलं. कुणीतरी काय मिळालं म्हणून विचारलं.

"माशांची डोकी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर चहा घेत होतो. तो आला, खाकरला, आणि माझ्यासमोर एक हिरवी जाळी ठेवली. निळ्या दोऱ्याने शिवलेली. "वहिनीची हाय. धुतली," म्हणाला.

मी कप खाली ठेवला. पाहुण्यांसाठी रोज किलोंनी मासळी साफ व्हायची. आतडी, डोकी, कल्ले चिकूच्या एका जुन्या जाळीत निथळत ठेवायचो, आणि भरतीचं पाणी कुंपणाशी आलं की मी स्वतः जाऊन खाडीत झटकून यायचो. समुद्राचं समुद्राला दिलं, अशी माझी समजूत. शिवाय वाडीत घाण वास नको. घटनेच्या दोन दिवस आधी ती जाळीच हातातून निसटली होती आणि बायकोची बोलणी खाल्ली होती. महिनोन्‌महिने मी मुशींना जेवायला बोलावत होतो, आणि त्याच पंगतीत पाहुण्यांना अंघोळीला सोडत होतो.

"म्हणून विचारलं होतं भरती का ओहोटी," तो म्हणाला. "ओहोटीला चिखल तुडवत घाण टाकायला कोण जातो? घाण पडते भरतीला, मुशी येते भरतीला."

"काल सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"लोक रागात होते. मुशी सोडून तुला धरला असता." त्याने बशीत चहा ओतला. "तू सांग. मी नाय सांगणार."

मी विचारलं, आणि नाहीच सांगितलं तर? त्याने चहा संपवला, बशी पालथी घातली.

"दोर अजून पाण्यातच हाय, रोज काहीतरी उगाच मरतंय," म्हणाला आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी मी पुन्हा सभा बोलावली आणि जाळी सगळ्यांसमोर ठेवली. आयुष्यात इतका लाजलो नव्हतो. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. काहींनी सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं. तांडेल माझ्या शेजारी बसून होता. शेवटी एकाने विचारलं, मारली तीच मुशी पोटरीला धरणारी होती कशावरून? तेव्हा मात्र तो बोलला. "ते तिलाच माहीत. तिला विचारायची सोय आपण ठेवली नाय."

दुसऱ्याच दिवशी दोर निघाला. मासळीची घाण आता चिकूच्या मुळाशी खड्ड्यात जाते. खाडीच्या तोंडाशी अंघोळ नको, अशी पाटी मी लावली आहे आणि ती का लावली, हे प्रत्येक पाहुण्याला खरं खरं सांगतो. सुरतेच्या त्या गृहस्थांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." काही पाहुणे हे सगळं ऐकून परत जातात. जाऊ देत. मला शांत झोप लागते, आणि ती त्या माणसाची देणगी आहे. त्याला मला उघडं पाडता आलं असतं. त्याने ती जाळी धुऊन माझ्या हातात दिली. एवढे उपकार माझ्यावर दुसऱ्या कुणी केलेले नाहीत.

गेल्या वर्षी तो गेला, घरातच, साध्या तापाने. बातमी आली तेव्हा ओहोटी होती. भरती-ओहोटी मला आता कळते.

अस्थी खाडीच्या तोंडाशीच सोडायच्या होत्या. त्याचा मुलगा मडकं घेऊन पुढे, आम्ही पंचवीस-तीस माणसं मागे. काठाशी येऊन सगळे थबकले. मुलगा मागे वळून बघत होता, जणू काही राहून गेलं होतं. मग मीच पुढे झालो आणि खाकरलो. माझ्या मागून आणखी कुणी, मग आणखी कुणी, असं करत सगळा जमाव खाकरला.

क्षणभर थांबलो, आणि मग पाण्यात उतरलो.