टाळी नाही तर बाद

विवेकवाद्यांच्या संमेलनासाठी वक्ते निवडायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं आणि ते मी अगदी चवीने केलं. रविवारी दादरच्या एका शाळेतला वर्ग मिळायचा. इच्छुकाने दहा मिनिटं बोलायचं. तेवढ्यात आम्हा तिघांपैकी कुणीच टाळी दिली नाही, तर बाद. नियम माझाच. एक निवृत्त प्राध्यापक रंगात आले असताना मी सातव्या मिनिटाला चहा मागवला होता. बिचारे न पिताच गेले.

एकदा लालबागच्या एक बाई इस्पितळाच्या कागदांची फाइल घेऊन आल्या. दिराच्या आग्रहामुळे त्यांनी कावीळ झालेल्या मुलाला आठ दिवस भगताकडे नेलं होतं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, कावीळ उतरली म्हणून सगळे घरी आले. बाराव्या दिवशी परळच्या इस्पितळात मुलगा गेला. हे सगळं त्यांनी रेशनची यादी वाचावी तसं सांगितलं. टाळी कोण देणार?

"भावोजी आजही लोकांना त्याच भगताकडे पाठवतात," त्या म्हणाल्या. "घरात माझं ऐकत नाहीत. चार माणसांत एकदा मला बोलू द्या. मी त्यांना घेऊन येते."

"बाई, लोक जांभया देतील," मी म्हणालो. माझे दोघे सहकारी हसले. मीही हसलो. फाइल त्यांच्या मांडीवर तशीच बंद राहिली.

गोष्ट मात्र मी सोडली नाही. बाईंना न विचारताच ती आमच्या हुकमी वक्त्याला दिली. त्याने संमेलनात मंचावर चुन्याचं पाणी पिवळं करून दाखवलं, मग आवाज खाली आणला. मरताना मुलगा "आई, मला घरी ने" म्हणत होता, असं त्याने सांगितलं. सभागृह रडलं. टाळ्या थांबेनात. मी मागे उभा राहून स्वतःवर खूश होतो.

बाई दारापाशी भेटल्या. दिराला घेऊन त्या ऐकायला आल्या होत्या; तो पुढे निघून गेला होता.

"माझा मुलगा दोन दिवस शुद्धीत नव्हता," त्या म्हणाल्या. "कागदात लिहिलंय. भावोजी तेव्हा खाटेजवळच होते."

मी म्हणालो, "थोडं रंगवावं लागतं."

"आत्ता ते मला काय म्हणाले सांगू? 'बघलंस वयनी? हे पण खोटाच बोलतत.'" त्यांनी फाइल पिशवीत घातली. "आता मी त्यांना काय सांगू, ते तुम्ही सांगा."