सहादूचा काळा पिकोलो

सहादूनं आपल्या हातानं नशीब घालवलं, असं वस्तीत बोलतात. बोलणाऱ्याच्या तोंडाला मी लागत नाही, कारण लागलो की मला आवरत नाही. त्याच्या शेजारी उभं राहून मी वर्षानुवर्षं साइड ड्रम बडवला. चूक झाली तेव्हा मी तिथंच होतो, आणि चूक म्हणावी तर ती चूकच नव्हती. तेच तर जळतं.

आमची वस्ती विहितगावची, सगळी बौद्ध घरं. बँड धोंडीराम मास्तरांचा. गोरे गेले तेव्हा देवळाली कॅम्पातल्या लिलावात मास्तरांच्या बापानं वाद्यं उचलली होती, ती ठोकठाक करून आम्ही लग्नात वाजवायचो. मास्तर कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी ट्रम्पेट, वाजवायचे आणि सहादू पिकोलो. पिकोलो म्हणजे दीड वीत लांबीची, चाव्यांची आडवी बासरी. दिसायला एवढीशी, पण अख्ख्या वरातीच्या गोंगाटावर तिचाच आवाज जातो. सहादू ती वाजवायला लागला की नवरदेवाचा घोडासुद्धा कान टवकारायचा.

हे सगळं त्याच्या बापाला, चिमाजीला, डोळ्यांसमोर नको होतं. चिमाजी देवळाली कॅम्पात एका बंगल्यावर रखवालदार होता. तो म्हणायचा, "धर्म घेतला तवा दुसऱ्याच्या दारात वाजवायचं आपण सोडलं. आन् तू परत तेच करतो. वाजवायचं तर वर्दीत वाजव. तिथं साहेबबी उभा राहून ऐकतो. नायतर ठेव ते खाली."

त्यावरून घरात रोज वाजायचं. शेवटी सहादूनं मनावर घेतलं. कॅम्पात खंडेराव नावाचे पेन्शनर हवालदार होते, मिलिटरी बँडातच जन्म काढलेले. त्यांच्या पायरीवर हा जाऊन बसला. म्हातारा भयंकर तापट, पहिले काही दिवस नुसतं हाकललं. मग शिकवायला लागला तो असा, की कागदावरचे सूर सहादू पेपर वाचल्यासारखा वाचू लागला. सत्त्याहत्तर साली मिलिटरी बँडात पिकोलोची एक जागा निघाली. सहादूचं वय काठावर आलं होतं. ही हुकली तर दुसरी नव्हती.

आता अडचण वाद्याची. त्याचा पिकोलो मेरठचा, एका चावीला रबर गुंडाळलेलं. वरचे सूर कुंथून काढावे लागायचे. शिवाय तो आमच्या बँडापेक्षा कायम किंचित खाली वाजायचा. मास्तर भर वरातीत ओरडायचे, "सहादू, तुझं शेपूट खाली लोळतंय." सहादू बिचारा फुंकून फुंकून ओठ सुजवून घ्यायचा, तरी सूर वर चढायचा नाही.

नेमकी तेव्हाच खंडेरावांची लेक सटाण्याला बाळंत झाली आणि म्हातारा तिकडं निघाला. जाताना एवढंच सांगून गेला, "नवा घे. पण दिसण्यावर जाऊ नको. चार माणसांच्या सुरात जुळतो का बघ, मगच हात लाव. एकट्यानं वाजवला तर कुठलाही गोड लागतो."

आणि चिमाजीनं सायकल विकली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. एका संध्याकाळी चालत घरी आला आणि पैसे सहादूच्या उशाशी ठेवले. "वर्दीत वाजवणार ना," एवढंच बोलला.

भद्रकालीत एका जुन्या वाद्यवाल्याकडं आम्ही तिघं गेलो, सहादू, मास्तर आणि मी. मास्तरांनी कॉर्नेट बरोबर घेतलं होतं, कारण खंडेरावांचा शब्द पाळायचा होता. दुकानात दोन पिकोलो होते. एक नवा, चकचकीत. दुसरा जुना, काळ्या लाकडाचा, गोऱ्यांच्या वेळचा. नव्याच्या चाव्या लोण्यासारख्या चालत होत्या, वरचे सूर अलगद निघत होते. सहादूचा चेहराच सांगत होता की त्याला तोच हवा होता. पण मास्तरांनी कॉर्नेटचा सूर धरला आणि नवा पिकोलो सुरात खाली गेला, हुबेहूब सहादूच्या मेरठीसारखा.

"हा पण लोळतोय," मास्तर म्हणाले.

मग काळा ओठाला लावला. कॉर्नेटचा सूर आणि त्याचा सूर असे मिळाले, की त्याचा कुठला आणि कॉर्नेटचा कुठला ते कळेना. आम्ही ड्रमवाले, सूर कशाशी खातात ते आम्हाला काय ठाऊक. पण माझ्याही अंगावर काटा आला. मास्तरांनी डोळे पुसले. सहादूनं मला विचारलं, "पुंजाराम, ऐकलंस?" ऐकलं होतं. त्यानं सायकलीचे पैसे दिले, जुना मेरठी वर घातला आणि काळा घेऊन आम्ही नाचत घरी आलो.

परीक्षेला चिमाजीनं इस्त्रीचा सदरा घातला आणि बँडाच्या हॉलबाहेर झाडाखाली उभा राहिला. मी दारात होतो. एका जवानानं क्लॅरिनेटवर सूर दिला. सहादूनं काळा पिकोलो लावला, आणि भाताच्या घासात खडा यावा तसं झालं. सूर वर होता. बँडमास्तर सुभेदार भला माणूस होता. म्हणाला, "बेटा, थोडा बाहर खींचो." सहादूनं पिकोलोचं तोंड बाहेर ओढून पाहिलं. एक सूर जुळला तर बाकीचे वाकडे जायला लागले. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. त्याच्या कपाळावरचा घाम मला दारातून दिसत होता.

सुभेदारानं वाद्य हातात घेऊन निरखलं आणि समजावून सांगितलं. फार पूर्वी पलटणींच्या बँडांचा सूरच वरचा होता. मग तो सगळीकडं खाली आणला. ही जुनी वाद्यं वरच राहिली, ती ओढून ताणून खाली येत नाहीत.

"किसके साथ मिलाया था?"

"आमच्या बँडाशी," सहादू म्हणाला.

"तो बेटा, तुम्हारा पूरा बँड ही ऊपर है."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मग त्यांच्या बँडातला पिकोलो दिला त्याला. त्याच्या चाव्यांची मांडणीच वेगळी होती. सहादूची बोटं अडखळली ती अडखळलीच. जागा नगरहून आलेल्या एका पोराला गेली.

हॉलबाहेर आल्यावर सहादू मला म्हणाला, "म्हणजे माझा जुना मेरठीच बरोबर होता." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. सगळी वर्षं ज्याला खाली म्हणून शिव्या दिल्या तोच खरा सुरात होता, आणि आम्ही सगळे मिळून बेसूर. सायकलही गेली, नोकरीही गेली, आणि तो मेरठी वाद्यवाल्यानं मालेगावच्या बँडाला कधीच देऊन टाकला होता.

चिमाजी एक अक्षर बोलला नाही. सायकल नव्हती, म्हणून पहाटे उठून कॅम्पात चालत जायचा. सहादूची आई गोजराबाई मला म्हणाली होती, "बोलले असते तर बरं झालं असतं रे. हा रोज अंथरुणात पडून बापाच्या चपला ऐकतो."

सहादू परत लग्नात वाजवायला लागला. दुसरं करणार काय? आमच्यात त्याचा काळा पिकोलो अगदी सुरात वाजायचा, आणि ते ऐकून मला तिडीक यायची.

पुढं मास्तर थकले, बँड त्यांच्या पोराकडं गेला. चौऱ्याऐंशीला त्यानं जुनी वाद्यं मोडीत काढली आणि मेरठहून सगळा संच नवा आणला. पहिल्याच तालमीला सहादूचा पिकोलो वर गेला. पोरगं हळूच म्हणालं, "सहादूकाका, तुमचं जरा..." सहादूनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पिकोलो पुसला, डबीत ठेवला आणि उठला. महिन्याभरात अंबडला पत्र्याच्या कारखान्यात लागला. डबी पुन्हा उघडली नाही.

दोन वर्षांनी चिमाजी अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो होतो. म्हातारा अचानक म्हणाला, "सायदू, माझ्या सायकलीचं ते आणलं व्हतं ना, ते वाजव. म्या कधी ऐकलंच नाय."

सहादूनं ट्रंकेतून डबी काढली. खाटेशेजारी बसून वाजवायला लागला. गोजराबाई चुलीपासून उठून दाराशी येऊन उभी राहिली. इतकं चांगलं त्यानं कुठल्या वरातीत वाजवलं नव्हतं. मला तिथं बसवेना आणि उठवेना.

चिमाजीनं डोळे उघडले. "लय गोड हाय की रे," तो म्हणाला. "मंग त्यांनी तुला का नाय घेतलं?"

सहादू पिकोलो सदऱ्याला पुसत राहिला. मग म्हणाला, "एकट्यानं वाजवला ना बा, म्हणून गोड लागला."

चिमाजीला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं पुन्हा डोळे मिटले आणि म्हणाला, "आजून येक वाजव."