दोराशिवाय

जामारिसचं आयुष्य माडांखाली गेलं. पारियामानच्या किनाऱ्यावर तो माकडांना नारळ उतरवायला शिकवायचा. नारळ ओढून निघत नाही, पिळून निघतो. एवढं एका माकडाच्या हातात बसवायला महिने जात. तो घाई करत नसे. बोलतही फारसा नसे.

पण तिथल्या रीतीनं भाचीचं लग्न मामानंच जमवायचं. त्याच्या भाचीला, येल्मीला, अफ्दाल हवा होता, आणि मागणी घालायची ती मुलीकडच्यांनी. "तुमचा मुलगा द्या" असं थेट म्हणणं उद्धटपणाचं. मागायचं ते उपमेतून. मामा चुकला तर मागणीसोबत नेलेलं विड्याचं तबक तसंच परत येणार.

मुलाचे मामा बागिंदो नाझार मासळीबाजारात लिलाव पुकारायचे.

"आमच्या घरामागं माडांचं बन आहे," मुलाच्या घरी भरलेल्या बैठकीत जामारिस त्यांना म्हणाला. "नारळ तयार आहेत, उतरवणारा नाही. तुमच्याकडे कोणी असेल तर विचारायला आलोय."

नाझारांनी मांडीवर थाप मारली. "मामा, इथं नारळ उतरवतं कोण? केसाळ हाताचं, दात विचकणारं, शेंगदाण्याला भुलणारं! म्हणजे आमचा अफ्दाल माकड?"

"पिंजरा आणलाय का, मामा?" मागून कोणीतरी ओरडलं. घर हसून लोटपोट झालं. जामारिसच्या बहिणीनं, एर्नीसनं, तबक घट्ट धरलं.

जामारिसची कानशिलं तापली. पण रीत अशी, की समोरच्याचं बोलणं आधी जसंच्या तसं परत म्हणायचं, मगच उत्तर द्यायचं. शब्द गळला की हार. त्यानं सुरुवात केली. "आपण म्हणालात, इथं नारळ उतरवतं कोण? केसाळ हाताचं, दात विचकणारं..." लोक पुन्हा हसले. तो सावकाश, शब्द न् शब्द म्हणत गेला. म्हणता म्हणता उत्तर सापडलं.

"बरोबर आहे. त्याच्या गळ्यात काय असतं?"

"दोर," कोणी म्हणालं.

"दोर सोडला तर?"

"पळून जातं!" आता चार-पाच आवाज.

"मग मी इथवर माकड मागायला येईन? माकडं घरीच आहेत की! दोराशिवाय येईल, दोराशिवाय राबेल, दोराशिवाय राहील, असा माणूस हवा. तो तुमच्या घरात आहे."

 नाझार इतके हसले, की डोळे पुसावे लागले. "अहो, एवढी वर्षं घसा फोडतोय मी, पण असा भाव कोणी चढवला नाही!" त्यांनी तबकातला विडा उचलून तोंडात टाकला. लग्न ठरलं.

"घरी मेलं तोंड उघडत नाही," एर्नीस पुटपुटली आणि पदरानं डोळे टिपत हसली.

पुढल्या वर्षी नाझारांच्या भाचीसाठी मागणी घालायची होती. बोलायला ते जामारिसला घेऊन गेले.