मागच्या पडवीतला मासा

"सिस्टर, उद्यापर्यंत फरक पडला नाही, तर हिला धुळ्याला पाठवू," राउंड संपवताना डॉक्टर म्हणाले.

ही म्हणजे पारुल. पूर्व बंगालची, आजच्या बांगलादेशातली. साठीच्या दशकातली गोष्ट. नंदुरबारच्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी नर्स होते. पारुल बाळंत झाली, पण दूध येईना. बाळ चोखून दमायचं, रडायचं आणि तसंच झोपी जायचं. दिवसागणिक ते हलकं होत होतं.

"डब्याचं दूध दिलं?"

"ती पाजूच देत नाही, सर."

कारण मला ठाऊक होतं. निर्वासितांच्या कँपात तिचं पहिलं मूल डब्याच्या दुधावरच हगवण लागून गेलं होतं. तो धसका मनात बसलेला. त्यातून ती ॲनिमिक, म्हणजे अंगात रक्तच कमी. बाई जेवली तर दूध येणार, आणि बाई तर जेवत नव्हती.

दवाखान्यात जेवण मिळत नसे, घरून डबा यायचा. पारुलचा नवरा निताई कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, दिवसभर कामावर. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या सुनेसाठी आलेल्या कोरीट गावच्या जिजींनी पारुललाही आपल्या पंखाखाली घेतलं होतं. दुधात चुरलेली बाजरीची भाकरी, वर गूळ आणि तुपाची धार. पारुल कसेबसे दोन घास गिळायची, जिजींच्या पायाला हात लावायची आणि वाटी बाजूला ठेवायची.

जिजी रडकुंडीला आल्या. "बाई, ही पोर मन्हा हातनं खातच नही. मन्हं काय चुकनं?"

संध्याकाळी निताई आला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "घर में क्या खाती है ये?"

"भात, दीदी. भात और माछ. बाजरा इसका गले में नहीं उतरता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"हम बाहर का आदमी है. माँजी इतना प्यार से देता है. उसमें मछली मांगेगा, तो सब लोग क्या बोलेगा?"

मला त्याचा रागही आला आणि कीवही. मूल हातचं चाललं होतं आणि ही दोघं भीड धरून बसली होती.

मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "भात-मासा चालेल. वॉर्डचं तुम्ही बघा."

तिथेच तर घोडं अडलं होतं. जिजी गुजर घरातल्या, त्यांच्या चुलीवर अंडंसुद्धा चढत नसे. मी विषय काढताच त्यांनी नाकाला पदर लावला.

"मासा? आठे, दवाखानामा? बाई, मी सूनले आज घर लयी जास!"

सुनेचे टाके अजून ओले. तिला बैलगाडीतून नेलं असतं तर दुसरंच दुखणं उभं राहिलं असतं. मी म्हटलं, "वॉर्डात नाही, जिजी. मागच्या पडवीत, जिथे आपण कपडे उकळतो ना, तिथे."

जिजी पाठ फिरवून सुनेच्या खाटेकडे गेल्या. नाही म्हणाल्या नाहीत, एवढं मी पदरात पाडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निताईने रजा टाकली. तापीतला मासा आणला, पडवीतल्या चुलीवर स्वतः रांधला आणि पारुलपुढे ताट ठेवलं. वासानेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण एका हाताने काटे कसे काढणार? बाळ मांडीवर किरकिरत होतं, आणि पहिलं मूल गेल्याच्या भीतीने ती बाळाला क्षणभरही खाली ठेवत नसे. निताईने हात पुढे केले, मी केले, तिने नकारार्थी मान हलवली, नजर जिजींच्या वॉर्डाकडे. भात निवत चालला.

तेवढ्यात दारात जिजी. नाकावर पदर, कपाळाला आठ्या. वाऱ्याची दिशा बघून त्या भिंतीला टेकून बसल्या आणि दोन्ही हात पसरले.

"दे वं माय, आठे दे. तू पोटभर खाय."

पारुलने बाळ दिलं. मी तोंड फिरवून उगाच चुलीत लाकूड सारलं.

पुढे रोज पडवीत पंगत बसली. दूध आलं. बाळ पोटभर पिऊन झोपू लागलं, धुळ्याचं नाव निघेनासं झालं. डॉक्टरांनी श्रेय आपल्या रक्तवाढीच्या इंजेक्शनला दिलं, निताईने माशाला. जिजी डिस्चार्जच्या दिवशीही ठासून सांगत होत्या, "मन्ही बाजरीनं दूध शे ते!"

मी वाद घातला नाही. पण त्यानंतर पेशंट जेवत नाही असं कुणी म्हटलं, की मी इंजेक्शन भरण्याआधी ताटात काय आहे ते बघत आले. आणि बाईचे दोन्ही हात मोकळे आहेत ना, तेही.