ब्लोअरमधला भुंगा

पुण्याहून डिप्लोमा घेऊन मी मद्रासला गेलो, तेव्हा अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात मशीनची कंपनं मोजणारं यंत्र नुकतंच परदेशातून आलं होतं. ते वापरायला एकट्या मला शिकवलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

तिथले एक म्हातारे फिटर तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या घराण्यातले, निम्मी भाषा तमिळ. मी मराठी म्हणून त्यांना केवढा आनंद! दर रविवारी जेवायला बोलवायचे. मी जायचो, यथेच्छ हादडायचो आणि सोमवारी त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचो. लिहितानाही कान तापतात.

एका सकाळी त्यांनी भट्टीला हवा देणाऱ्या ब्लोअरच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि म्हणाले, "आंत वंडु आहे, सार. बेअरिंग बदलून घ्या."

वंडु म्हणजे तमिळमधला भुंगा. मी यंत्र लावलं. काटा रोजच्याच आकड्यावर. वहीत 'बेअरिंग ठीक' लिहिलं आणि ऑफिसात भुंग्याची गोष्ट रंगवून सांगितली. सगळे खो खो हसले.

तीन आठवड्यांनी बेअरिंग जाम झालं, शाफ्ट वाकला, भट्टी दोन दिवस बंद. चौकशीत मला विचारलं, यंत्राला कळलं कसं नाही? ते यंत्र सगळ्या थरथरीची बेरीज दाखवतं, नुकत्याच पडलेल्या बारीक चिरेची टकटक तीत बुडून जाते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. पण फिटरनी बजावलं होतं, ते तर मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, ग्रीस भरायचं राहिलं असावं. हसलेल्यांपैकीही कुणी तोंड उघडलं नाही. फिटरना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट निवडायला.

रविवारचं बोलावणं येतच राहिलं; मीच काहीबाही सांगून टाळत होतो. महिन्याभरानं त्यांनी मला स्टोअरच्या दारात गाठलं.

"सार, आपण एका भाषेचीं माणसें. खरें सांगा. ग्रीस मींच विसरलों असेन? भरल्याचें मला आठवतें. पण तुम्ही यंत्र लावून पाहिलेंत."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी खाली बघत म्हणालो, "वय होतं, काका."

त्यांना ते पटलं.